चित्र अडकतं, आवाज पुढे जातो

दुपारची भांडी आवरून रेडिओपाशी बसला असाल. एरवी आपण इथं हप्ता, व्याज, शेळ्यांची लस यावर बोलतो. आज घरातल्या कॉम्प्युटरवर बोलायचं ठरवलंय. त्यावर व्हिडिओ लावला की तो गचके खात का चालतो आणि त्याला आपल्यालाच काय करता येतं, हे सांगायचं आहे. "आमच्याकडं कुठला आलाय कॉम्प्युटर," म्हणून रेडिओ बंद करू नका. पोराच्या शिक्षणासाठी जुना घेतलेला आणि पोरगा शहरात गेल्यावर वर टॉवेल टाकून ठेवलेला कॉम्प्युटर आता पुष्कळ घरांत आहे. आमच्या एका गटाच्या अध्यक्षताईंच्या घरात असाच एक आहे. गटाची बैठक त्याच घरी होते. बैठक झाली की त्याच कॉम्प्युटरवर आम्ही सगळ्या मिळून शेळीपालनाचे, मूरघासाचे व्हिडिओ बघतो. फोनच्या एवढ्याशा काचेत पंधरा बायांना काय दिसणार?

तर गेल्या हिवाळ्यात मूरघासाचा व्हिडिओ लावला होता. आवाज नीट येत होता, पण चित्र मात्र अडकायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं. आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "हा बाबा कुट्टी टाकतो आणि एकदम पिशवीचं तोंड बांधून मोकळा होतो. मधलं कुठं गेलं गं?" सगळ्या हसलो. पण हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती ती. मूरघासात ते मधलंच महत्त्वाचं असतं. कुट्टीचा थर टाकायचा, पायानं तुडवून त्यातली हवा काढायची, मग वर दुसरा थर. आवाजातला माणूस "दाबा" म्हणाला होता, पण किती दाबायचं ते बघूनच कळतं. त्या मावशींनी मार्गशीर्षात दोन पिशव्या भरल्या. संक्रांतीनंतर पंधरा दिवसांनी उघडल्या तर आत पांढरी-काळी बुरशी. दोन्ही पिशव्या उकिरड्यावर गेल्या.

मग सुरू झालं, दोष कुणाचा. अध्यक्षताईंच्या घरी तुळशीच्या लग्नानंतर सून आली. बारावी झालेली, एमएस-सीआयटी केलेली, कॉम्प्युटरवर बसायची आवड असलेली. आणि व्हिडिओ अडकायला लागल्याचं घरात पहिल्यांदा लक्षात आलं ते तिच्याच लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवरून लावलं तेव्हा. अक्षता पडतात तो क्षण सगळा गचक्यात. झालं! "ही आल्यापासून बिघडला. गेम टाकले असतील, काहीतरी दाबलं असेल." ताईंनी कॉम्प्युटरवर झाकण घालून त्याला सुतळी बांधली आणि सुनेला सांगितलं, हात लावायचा नाही. आणि खरं सांगायचं तर आम्हीही बैठकीत माना डोलावल्या. कुणीही विचारलं नाही की तिनं नेमकं काय दाबलं.

तालुक्याच्या दुकानातल्या मेकॅनिकला फोन केला. त्यानं न बघताच सांगितलं, जुना झालाय, ग्राफिक्स कार्ड टाकावं लागेल, ४,५०० रुपये. गटाच्या कामालाही तो कॉम्प्युटर वापरतो म्हणून निम्मे पैसे गटानं द्यायचे असा ठराव आम्ही लिहिला, सह्या केल्या. त्यामुळे एका वहिनीचा शेळीसाठी मागितलेल्या कर्जाचा अर्ज एक महिना पुढे ढकलला. ती काही बोलली नाही, पण चहा न घेता उठून गेली.

त्या चहामुळेच बहुधा आम्ही थांबलो. म्हटलं, पैसे द्यायच्या आधी एकदा आपण बघू तरी. आमचं शिक्षण बीए, तेही मराठी विषय घेऊन. पण गटाचा हिशेब जुळेना की आपण काय करतो? एक-एक पावती घेऊन बसतो. तसंच करायचं ठरवलं. आणि सूनबाईला बोलावून घेतलं, कारण डिव्हाइस मॅनेजर कुठं उघडतो हे त्या घरात तिलाच ठाऊक होतं.

आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक दाखवलेले फोटो. सेकंदाला साधारण २५ किंवा ३०, काही फोन तर ६० काढतात. एवढे फोटो जसेच्या तसे ठेवले तर डबा पुरणार नाही, म्हणून ते दाबून, आकसून ठेवलेले असतात. आपण कुरडया वाळवून डब्यात ठेवतो तसे. बघताना कॉम्प्युटरनं त्या भराभर तळून पानात वाढायच्या असतात, सेकंदाला तीस. कढई मागे पडली की वाढपी काय करतो? आवाज तर पुढे गेलेला असतो, त्याला गाठायला तो मधली चार पानं तशीच सोडून पुढे वाढायला लागतो. तो आपल्याला दिसणारा गचका. म्हणजे आवाज नीट आणि चित्र उड्या मारतंय, तर समजायचं तळणं मागे पडतंय. आणि चित्र-आवाज दोन्ही थांबून मधे गोल चकरी फिरते, तेव्हा बहुतेक वेळा इंटरनेट कमी पडतं. त्यात कॉम्प्युटरचा दोष नसतो. यूट्यूबवर असाल तर खालच्या दातेरी चक्रावर जाऊन क्वालिटी ४८० करून बघा, चकरी थांबते.

ही दोन दुखणी वेगळी आहेत. त्यांचं औषधही वेगळं. आमच्याकडं कुठलं होतं ते कळायला आम्ही इंटरनेट बंदच केलं आणि लग्नाचा व्हिडिओ लावला. तरी गचके. म्हणजे नेटचा संबंध नाही. मग वाटलं, पेनड्राइव्ह जुना आहे, त्यातून हळू येत असेल. म्हणून ती फाइल कॉम्प्युटरवर कॉपी करून तिथून लावली. तरी गचके. हे दोन्ही आम्ही वहीच्या मागच्या पानावर लिहिलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर शेवटी कशानं बरं झालं ते कळत नाही.

मग सूनबाईनं व्हिडिओ चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली. टास्क मॅनेजर नावाची पाटी उघडते. त्यात सीपीयूखाली ९८, ९९, १०० असे आकडे. सीपीयू म्हणजे कॉम्प्युटरचा मुख्य गडी. एक व्हिडिओ दाखवायला त्याचा जीव चालला होता. (तुमच्याकडे तिथं डिस्क शंभरावर दिसली तर वेगळं दुखणं आहे, मागे काहीतरी अपडेट चाललेलं असतं किंवा सी ड्राइव्ह गच्च भरलेला असतो.) गेम एकही नव्हता. उघडलेलं दुसरं काही नव्हतं. अध्यक्षताई मागे उभ्या राहून बघत होत्या, त्या काही बोलल्या नाहीत.

पुढचं पाऊल महत्त्वाचं, नीट ऐका. खालच्या पट्टीवर स्टार्टचं चिन्ह असतं, त्यावर माउसचं उजवं बटण दाबलं की यादी येते. त्यात डिव्हाइस मॅनेजर. ते उघडून डिस्प्ले अडॅप्टर्स या ओळीपुढच्या बाणावर दाबायचं. तिथं तुमच्या चित्राच्या चिपचं नाव दिसायला हवं, इंटेल, एएमडी, एनव्हिडिया असं काहीतरी. आमच्याकडे लिहिलं होतं, मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर.

याचा अर्थ काय ते सांगतो. घरात मिक्सर आहे, पण त्याची वायरच जोडलेली नाही, म्हणून सगळं वाटण पाट्यावर चाललंय. व्हिडिओ उलगडायचं काम भराभर करणारी चिप कॉम्प्युटरमध्ये आधीपासून असते. पण ती चालवायला ड्रायव्हर नावाचा छोटा प्रोग्राम टाकावा लागतो. तो नसेल तर विंडोज कसंबसं चित्र दाखवतं, आणि सगळा भार मुख्य गड्यावर येतो. नवं ग्राफिक्स कार्ड घेणं म्हणजे घरात मिक्सर असताना दुसरा मिक्सर आणणं.

आता हा ड्रायव्हर गेला कुठं? ताईंच्या मुलानं आठवून सांगितलं, दिवाळीआधी कॉम्प्युटर हळू झाला म्हणून तालुक्याला नेऊन फॉरमॅट करून आणला होता. पावती डब्यात सापडली, ५०० रुपये. फॉरमॅट केला की सगळं पुसलं जातं आणि विंडोज नव्यानं टाकतात, मग ड्रायव्हरही टाकायचे असतात. बऱ्याचदा इंटरनेट जोडलेलं असलं की विंडोज ते आपणहून आणतं. इथं ते झालं नव्हतं आणि दुकानात कुणी बघितलं नव्हतं. पावतीवरची तारीख लग्नाच्या पाच आठवडे आधीची होती. त्या पाच आठवड्यांत कुणी व्हिडिओ लावलाच नाही, म्हणून कुणाला कळलं नाही. सूनबाईनं ती पावती दोनदा वाचली आणि टेबलावर ठेवली.

ड्रायव्हर आणायचा कसा? दोन वाटा आहेत. एक, सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट उघडायचं आणि ऑप्शनल अपडेट्समध्ये ड्रायव्हर दिसतो का बघायचं. दुसरी, कॉम्प्युटरच्या डब्यावरचा मॉडेल नंबर लिहून घ्यायचा आणि तो बनवणाऱ्या कंपनीच्याच वेबसाइटवर जाऊन त्या मॉडेलचा ग्राफिक्स ड्रायव्हर उतरवायचा. फुकट असतो. फक्त फाइल मोठी असते, काही शे एमबीची, म्हणून डेटा भरपूर असेल त्या दिवशी करा. एक मात्र सांगून ठेवतो. ड्रायव्हर शोधायला गेलात की "तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे, इथं दाबा" अशा जाहिराती येतात. तिथं दाबायचं नाही, पैसेही भरायचे नाहीत. बाजारात दारावर येणाऱ्या भांडीवाल्याला आपण ओळखतो ना, तशातलीच ती जात.

आम्हाला पहिल्या वाटेनं काही मिळालं नाही, दुसरीनं मिळालं. एका ताईंच्या फोनचा हॉटस्पॉट जोडला आणि फाइल उतरायला चहाचे दोन फेरे लागले. बसवताना मधेच पडदा पूर्ण काळा झाला आणि खोलीत एकदम शांतता पसरली. अध्यक्षताईंच्या तोंडून "गेला!" निघालंच. पण त्या वेळी पडदा दोन-चारदा काळा होतो, ते चालायचंच. हात लावायचा नाही, वीज बंद करायची नाही. थोड्या वेळानं चित्र आलं, आधीपेक्षा अक्षरंसुद्धा रेखीव दिसायला लागली. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, लग्नाचा व्हिडिओ लावला, आणि अक्षता पडताना दिसल्या. सीपीयूचा आकडा वीसच्या आसपास.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पाव तासानं पुन्हा गचके सुरू.

पण आता वहीत लिहिलेलं कामाला आलं. आधी पहिल्या मिनिटापासून अडकायचा, आता पाव तास नीट चालून मग अडकतोय. म्हणजे दुखणं दुसरं. डब्याला हात लावला तर कढईसारखा गरम. कॉम्प्युटरचा मुख्य गडी फार तापला की जळू नये म्हणून आपणहून हळू होतो. त्याला थंड ठेवायला वर एक पंखा असतो. आणि ताईंच्या घरात कॉम्प्युटर ठेवलाय कुठं, तर घरघंटीच्या शेजारी! रोज दळण, रोज पीठ उडणार. झाकण उघडलं तर पंख्याखालच्या पत्र्याच्या पात्यांमध्ये पीठ आणि धूळ मिळून चक्क गोधडी झाली होती.

साफ करताना काळजी घ्या. आधी कॉम्प्युटर बंद, मग भिंतीवरचं बटण बंद, मग वायर काढून ठेवायची. वायर काढल्यावर कॉम्प्युटरचं चालू करायचं बटण चार-पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेली वीज निघून जाते. डब्याच्या बाजूचे दोन स्क्रू काढले की पत्रा निघतो. नवा कोरडा रंगाचा ब्रश घ्या, हलक्या हातानं झाडा. पंखा बोटानं धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका. ओलं फडकं अजिबात नको, फुंकर मारायचीही नाही, तोंडातली वाफ आत जाते. आणि तो मागचा चौकोनी डबा, ज्यात विजेची वायर लागते, तो उघडायचा नाही. वायर काढल्यावरही त्यात वीज साठून असते. लॅपटॉप असेल तर तो उघडायच्या भानगडीत पडू नका, ते काम दुकानातच द्या. लॅपटॉपचं आणखी एक, चार्जर न लावता तो बॅटरी वाचवायला हळू चालतो. बाकी काही करायच्या आधी चार्जर लावून बघा.

कॉम्प्युटर घरघंटीपासून हलवून खिडकीजवळच्या कोपऱ्यात नेला. त्यानंतर दीड तासाचं शूटिंग एकाही गचक्याशिवाय चाललं. सगळं बघितलं आम्ही, जेवणावळीसकट.

एक गोष्ट मात्र आमच्यानं बरी झाली नाही. आमच्या गटातल्या एक-दोघी आपल्या गोठ्याचे व्हिडिओ नव्या फोननं काढून आणतात. ते अजूनही अडकायचे. हे नवे फोन कुरडई फारच घट्ट वळतात, म्हणजे एच.२६५ नावाच्या पद्धतीनं व्हिडिओ दाबून ठेवतात. जागा कमी लागते, पण उलगडायला फार ताकद लागते. इंटेलच्या २०१५ साली आलेल्या सहाव्या पिढीपासून ते काम चिपच करते. ताईंचा कॉम्प्युटर चौथ्या पिढीचा. डब्यावर किंवा सेटिंग्जमधल्या अबाउटमध्ये आय-३, आय-५ असं लिहिलेलं असतं, अशा जुन्या कॉम्प्युटरवर त्यापुढे चार आकडे असतील तर पहिला आकडा म्हणजे पिढी. त्यामुळे उपाय फोनमध्ये केला. कॅमेऱ्याच्या सेटिंग्जमध्ये जाऊन हाय एफिशियन्सी व्हिडिओ हे बंद केलं, आणि फोर-के ऐवजी १०८०, सेकंदाला ६० ऐवजी ३० ठेवलं. आता नवे काढलेले व्हिडिओ चालतात. जुने काढलेले तसेच राहिले, ते फोनवरच बघतो.

दुकानदाराला शिव्या द्यायला आम्ही हे सांगत नाही. फोनवर निदान विचारलं की फोनवर मिळेल तेवढंच उत्तर मिळतं. पण कॉम्प्युटर फॉरमॅट करून आणाल तेव्हा पैसे देण्याआधी दोन गोष्टी करा. "ग्राफिक्सचा ड्रायव्हर टाकला का?" असं स्पष्ट विचारा आणि तिथंच समोर पाच मिनिटं एखादा व्हिडिओ लावून बघा. आपण गाय घेताना दूध काढून बघतोच की.

खर्च झाला तो ४० रुपयांचा ब्रश आणि एका दिवसाचा डेटा. ठरावाच्या वहीतलं खोडता येत नाही, म्हणून पुढच्या बैठकीत आधीचा ठराव रद्द केल्याचा दुसरा ठराव लिहिला, आणि त्याच्या खालीच वहिनीचं शेळीचं कर्ज मंजूर केलं. सूनबाईबद्दल वहीत काय लिहायचं हे आम्हाला सुचलं नाही. तोंडानं मात्र बोललो, सगळ्यांच्या देखत, की आमची चूक झाली. ती म्हणाली, "असू दे ताई." अध्यक्षताईंनी माफी वगैरे मागितली नाही. पण त्या दिवसापासून झाकणावरची सुतळी निघालेली आहे, आणि बैठकीत व्हिडिओ लावायची वेळ झाली की त्या आत हाक मारतात, "ये गं, तुझं काम आहे."

मूरघासाचा तो व्हिडिओ आम्ही पुन्हा पहिल्यापासून बघितला. मधला तुडवायचा भाग तीनदा. मावशींनी मका चिकात आल्यावर कापून पुन्हा दोन पिशव्या भरल्या, यावेळी त्यांच्या दोन नाती आत नाचत होत्या. भरून आज २२ दिवस झाले. ४५ दिवस झाल्याशिवाय उघडायच्या नाहीत, त्यामुळे त्याचं काय झालं ते पुढच्या महिन्यात याच वेळेला सांगू.

ज्यांच्या घरी कॉम्प्युटर अडकतोय त्यांनी गटाच्या पुढच्या बैठकीला येताना चिठ्ठीवर तीन गोष्टी लिहून आणा: डब्यावरचा मॉडेल नंबर, डिस्प्ले अडॅप्टर्सखाली काय नाव दिसतं ते, आणि पहिल्यापासून अडकतो की थोड्या वेळानं. सूनबाई येणार आहे, तिला विचारून ठेवलंय. नमस्कार.